काचेमागचं जॅकेट

मॅव्हिस प्रिवेटनं उभ्या आयुष्यात नोकरी एकच केली, आणि तीही खरं म्हणजे एका काचेसाठी. अल्डरबोर्नच्या जुन्या बराकीत, फाटकाला लागून, फॉरेस्ट रायफल्सचं संग्रहालय होतं. तिथं ती झाडलोट करायची. दालनं तीन आणि जिना एक. घासायला पितळ म्हणून नव्हतंच. रायफलवाल्यांची बटणं काळी, पट्टे काळे. जे चकाकतं ते शत्रूला दिसतं, हा त्यांचा पिढीजात हिशेब. त्यामुळं तिच्या वाट्याला यायची ती धूळ. सगळ्या कपाटांच्या काचा ती ओल्या फडक्यानं भराभर उरकायची. शेवटच्या दालनातली एक मात्र व्हिनेगर लावून, वर्तमानपत्राच्या कागदानं, वरपासून खालपर्यंत सावकाश पुसायची.

त्या काचेमागं एक पुतळा उभा होता. कापडाच्या दुकानात असतो तसला, गुलाबी तोंडाचा आणि रंगवलेल्या भुवयांचा. अंगात हिरव्या-तपकिरी चट्ट्यांचं लष्करी जॅकेट, डोक्यावर गडद हिरवी टोपी, दोन्ही हातांत पोटाशी धरलेली रायफल. खाली पाटी होती : ‘गस्तीवरचा रायफलमन, उत्तर आयर्लंड.’ नाव काही नव्हतं. नाव मॅव्हिसला ठाऊक होतं. जॅकेट तिच्या बॅरीचं होतं.

अल्डरबोर्नमध्ये मुलगी जन्मली की तिच्या कपाळी रायफलवाला लिहिलेलाच. मॅव्हिसचा बाप रायफलवाला, नवरा रेग रायफलवाला, मुलगा बॅरी रायफलवाला. ही पलटण इतरांसारखी रमतगमत चालत नाही. दुसरी पलटण शंभर पावलं टाकते तेवढ्यात हे सव्वाशेच्या घरात पोचलेले असतात. नोकरी सुटली तरी ही चाल सुटत नाही. गावातल्या बायका नवऱ्यापासून चार पावलं मागं चालायच्या, त्यात आदरबिदर काही नव्हता, दम लागायचा. रेगच्या मागं धावून धावून मॅव्हिसच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. लग्नाच्या दिवशीही हा गडी चर्चच्या दारातून असा सुटला की तिचा झगा तिच्याच पायात आला. तिची आई मागून म्हणाली, “पळ गं बाई, नाहीतर कोपऱ्यावर दुसरी कुणी पकडेल त्याला.”

एकाच वेळी ही पलटण संथ व्हायची. आपला मेलेला माणूस खांद्यावर घेतला की रायफलवालाही पाऊल जड टाकतो. मॅव्हिसच्या बापाला तसंच नेलं होतं. इतकं सावकाश, की तिला रस्त्याकडेची हरेक खिडकी आणि हरेक खिडकीतलं तोंड आठवत होतं. जिवंतपणी कधी धड बरोबर चालू न दिलेल्या बापाबरोबर त्या दिवशी तिला चालता आलं. गावातल्या बायकांना तेवढंच मिळायचं, आणि त्या ते हक्कानं घ्यायच्या.

रेग तेव्हा बराकीतल्या कोठाराचा सार्जंट होता. बूट, ब्लँकेटं, जॅकेटं, सगळं त्याच्या हातून जायचं. नव्या पोरानं ‘सार्जंट, हे मोठं होतंय’ म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं : “मग वाढ की.” पलटणीपुढं त्याला देव दिसत नसे आणि बायकोही दिसत नसे. बॅरी एकुलता एक. कान मोठे, भूक मोठी, शाळेत यथातथाच. सतरा पुरी झाली तशी रेगनंच त्याला भरती केलं. मॅव्हिस नको म्हणाली होती. मग म्हणाली, निदान कोठारात घे, तुझ्या हाताखाली. रेग म्हणाला, “माझा पोरगा काय ब्लँकेटं मोजायला जन्मलाय?” अल्डरबोर्नमध्ये यापुढं काही बोलायचं नसतं.

आयर्लंडला जाण्याआधीच्या शेवटच्या रजेत बॅरी एका सकाळी थंडीनं कुडकुडत, जॅकेट घालूनच, गॅसवर पाव भाजत होता. डावी बाही मनगटाच्या आतल्या बाजूनं पेटली. विझवली, पण चांगलं बोटभर भोक पडलं.

“मेलो,” बॅरी म्हणाला. “कोठारातलं आहे, आई. बाबा मला उलटा टांगतील.”

“बाबाला सांगतंय कोण? काढ इकडं.”

हिरवं कापड घरात नव्हतं. मॅव्हिसनं रेगचा कवायतीचा जुना गडद हिरवा कोट काढला, आतल्या बाजूनं कात्री घातली आणि ठिगळभर तुकडा कापला.

“आणि त्यांनी कोट घातला म्हणजे?”

“तुझ्या बापाचं पोट सुटल्यापासून तो त्या कोटात शिरलेला नाही. खा तू.”

तिनं ठिगळ आतून लावलं, बारीक टाके घातले. बॅरी तोंडात पाव कोंबून हसत होता. त्याच्याबरोबरचं तिचं हे शेवटचं गुपित. पुढं कित्येक वर्षं तिला त्याचा चेहरा आठवायला कष्ट पडले, पण ते ठिगळ डोळे मिटले की दिसायचं.

मार्चमध्ये, तिकडं उत्तर आयर्लंडात, आर्माकडच्या एका शेतरस्त्यावर, ओढ्याच्या मोरीखाली सुरुंग पुरलेला होता. गस्तीत सगळ्यात पुढं बॅरी होता.

रेग स्वतः जाऊन त्याला घेऊन आला. शवपेटी आली ती स्क्रू आवळूनच. मॅव्हिस म्हणाली, उघडा. रेग म्हणाला, नाही.

“मी आई आहे त्याची.”

“मी बघितलंय. एकानं बघितलं तेवढं पुरे.”

असं म्हणून तो सोबत आलेल्या पोरांना चहा करायला गेला. जन्मात कधी ज्यानं किटली उचलली नव्हती, तो सहा कप चहा करत बसला. मॅव्हिस पेटीच्या लाकडावर हात ठेवून राहिली.

दुसऱ्या दिवशी बराकीच्या फाटकातून अंत्ययात्रा निघाली. सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली आणि बिगुल वाजताच ते निघाले ते कवायतीच्या भरधाव चालीनं. फाटकाशी टोप्या काढून उभे असलेले जुने रायफलवाले एकमेकांकडं बघायला लागले. असं कुणी कधी केलं नव्हतं. मॅव्हिस पेटीमागं होती ती रस्त्याच्या वळणावर दहा हात मागं पडली, आणि चर्चचा चढ लागला तेव्हा तर पेटी पार वर पोचलेली. नवे बूट टाचेला लागत होते. ती धावली. काळ्या कपड्यांतली पोक्त बाई भर रस्त्यात मुलाच्या पेटीमागं धावतेय, हे अख्ख्या अल्डरबोर्ननं पाहिलं. संग्रहालयात तिकिटांवर बसणारी डॉट तिची बालमैत्रीण. तिनं तिला दंडाला धरून वर ओढत आणलं. दोघी दफनभूमीच्या दारात पोचल्या तेव्हा बंदुकीचे बार झाले. कबरीशी गेल्या तेव्हा दोर वर आले होते. मुलाला जमिनीत उतरताना तिनं पाहिलं नाही.

“असं का केलंस?” तिनं त्या संध्याकाळी विचारलं.

“रायफलवाला रांगत नाही,” रेग म्हणाला.

एवढंच. माणसाला माज असतो, पलटणीचा माज तर असतोच असतो, पण पोटच्या पोराच्या मयताला तो मिरवावा, हे मॅव्हिसच्या घशाखाली कधी उतरलं नाही. तिनं त्याला सोडलं नाही, कारण सोडून जायचं कुठं? स्वयंपाक केला, कपडे धुतले, त्याच्या खोकल्याला औषध दिलं. आणि मनातून त्याला माफ केलं नाही, ते नाहीच.

काही दिवसांनी बॅरीची पिशवी घरी आली. दाढीचं सामान, शर्ट, छोटा ट्रान्झिस्टर. जॅकेट नव्हतं.

“जॅकेट कुठाय?” तिनं विचारलं. रेग म्हणाला, येईल. दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं. ठिगळाचं तिनं सांगितलं नाही, ते तिचं आणि बॅरीचं होतं. पण विचारायचं तिनं थांबवलं नाही. ताटावर बसला की विचारायची, दिवा मालवला की विचारायची. शेवटी एकदा रेग हातातला चमचा आपटून म्हणाला, “म्युझियमला दिलं. मेजरसाहेबांना. झालं समाधान?”

“मला न विचारता?”

“पलटणीची वस्तू पलटणीला दिली. तुला काय विचारायचं त्यात?”

ती तशीच उठून संग्रहालयात गेली. तिथं कारभार बघणारे मेजर हॅलिडे होते, निवृत्त, सभ्य आणि जरा बहिरे. ते म्हणाले, अजून मांडायचं आहे, मिसेस प्रिवेट, थोडे दिवस जाऊ द्या. आणि थोड्या दिवसांनी खरोखरच काच लागली, पुतळा उभा राहिला. कपाटाला कुलूप. डावा हात रायफलीखालून पोटाशी गेलेला, त्यामुळं मनगटाची आतली बाजू कुठूनही दिसत नव्हती. तिनं काचेला गाल लावून पाहिलं, खाली बसून पाहिलं. पुढच्या महिन्यात झाडलोटीची जागा रिकामी झाली तेव्हा तिनं मागून घेतली. गावात म्हणाले, बाई दुःखातून सावरतेय, बरंय. बाईला फक्त एका बाहीजवळ राहायचं होतं.

वीस-बावीस वर्षं गेली. संग्रहालयात येऊन येऊन कोण येणार? शाळेची मुलं, पावसात सापडलेले प्रवासी, आणि बोअर युद्धातल्या आजोबांची पदकं पिशवीत घालून आणणाऱ्या म्हाताऱ्या. डॉट तिकिटाच्या टेबलावरून सगळ्यांचा समाचार घ्यायची. रायफलवाले संगिनीला संगीन म्हणत नाहीत, तलवार म्हणतात. कपाटावर पाटी तीच. एकदा एक शाळामास्तर म्हणाला, “बाई, इथं ‘तलवारी’ लिहिलंय आणि आत तर सुऱ्या आहेत.” डॉट म्हणाली, “पोटात गेल्यावर फरक कळत नाही हो.” मॅव्हिससुद्धा त्या दिवशी फडकं तोंडावर धरून हसली.

हसू तिचं गेलं नव्हतं, पण तिची एक मागणी होती आणि ती पुरी होत नव्हती. दरवर्षी बॅरीच्या वाढदिवसाला ती मेजरसाहेबांकडं जायची.

“पाटीवर नाव घाला ना त्याचं.”

“तसा रिवाज नाही, मिसेस प्रिवेट.”

“खालच्या दालनात कर्नलच्या घोड्याचं नाव आहे.”

मेजरसाहेब आपल्या बुटांकडं बघायचे. ते मरेपर्यंत बुटांकडंच बघत राहिले, आणि घोड्याचं नाव तेवढं राहिलं. रेगला मध्ये घालावं म्हटलं तर तो संग्रहालयाच्या सभांना यायचा, मेजरसाहेबांबरोबर खालच्या खोलीत बसून चहा घ्यायचा, पण शेवटच्या दालनात त्यानं कधी पाऊल टाकलं नाही. मॅव्हिस म्हणायची, लाज वाटत असेल. वाटू दे.

मग पलटणच बुडाली. दुसऱ्या दोन पलटणींबरोबर तिला एकत्र केलं, नाव गेलं, टोपीवरचं चिन्ह गेलं. इतर पलटणी मोडतात तेव्हा त्यांचे झेंडे वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन टांगतात. फाटेपर्यंत, विरेपर्यंत ते तिथं असतात, वर बघून रडायला काहीतरी राहतं. रायफलवाल्यांकडं झेंडाच नसतो. झुडपात दबून लढणाऱ्याला झेंडा कुठला परवडायला? अल्डरबोर्नकडं टांगायला काही नव्हतं. होतं ते हे संग्रहालय, आणि त्याचंही छप्पर गळत होतं.

शेवटी ठरलं. निवडक वस्तू शहरातल्या मोठ्या संग्रहालयात जाणार, बाकीच्या ज्यांनी दिल्या त्यांच्या घरी परत, आणि ज्यांना कुणी विचारणार नाही त्या लिलावात. निवड करायला तिकडून फिलिपा गार्नेट नावाची बाई आली. तिशीची, मऊ बोलणारी, कामाला वाघ. तिसऱ्या दालनात ती पुतळ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आयर्लंडचे आमच्याकडं तीन आहेत. हा नको.”

मॅव्हिस मागं बादली घेऊन उभी होती. तिला वाईट वाटलं आणि त्याच क्षणी आनंदही झाला. म्हणजे परत मिळणार.

“माझ्या मुलाचं आहे ते,” ती म्हणाली.

फिलिपा वळली. मग म्हणाली, “मग ते तुमच्याकडंच जायला हवं. दिलं कुणी होतं? त्यांनी नुसतं हो म्हटलं तरी पुरे.”

घरी रेग खिडकीशी बसलेला. छाती पार गेली होती, चार पायांची काठी धरून स्वयंपाकघरापर्यंत जायचा आणि तिथं विश्रांती घ्यायचा. गावातला सगळ्यात जलद माणूस. मॅव्हिस त्याच्यासमोर स्टुलावर बसली. बावीस वर्षांत तिनं त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं.

“जॅकेट परत देताहेत, रेग. तू फक्त फोनवर हो म्हण.”

“नाही.”

“का?”

“दिलेलं परत घेत नसतात.”

“पलटण राहिली कुठं? कुणाला दिलंस तू? लिलावात जाईल ते. कुणीतरी हौशी माणूस मासे धरायला जाताना घालेल.”

“जाऊ दे.”

“बॅरीचं जॅकेट?”

“जाऊ दे म्हटलं ना, मॅव्ह.” त्याला खोकला आला. खोकला संपेपर्यंत ती थांबली.

“पोराला माझ्यापासून पळवत नेलंस तू,” ती म्हणाली. “भर रस्त्यात मला धावायला लावलंस. मी तेही गिळलं. आता एक कापड मागतेय.”

रेग खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, “चहा टाकतेस?” पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्या दिवशी पहिल्यांदा तिनं त्याला चहा दिला नाही.

डॉटला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “मोठी पिशवी आण. मी तिकिटाच्या टेबलावर आंधळी होऊन बसते.”

“चोरी करू?”

“स्वतःच्या पोराचं गं. याला चोरी म्हणणारा जन्मायचाय.”

आणि खरोखरच, सामान बांधायच्या दिवशी मॅव्हिस मोठी पिशवी घेऊन गेली. पण पिशवीची वेळच आली नाही. फिलिपानं शेवटच्या दालनातलं कुलूप उघडलं, काचेचं दार बाजूला सरकवलं आणि हातातले पांढरे मोजे काढून तिच्यापुढं धरले. “तुम्ही काढा, मिसेस प्रिवेट. मी खाली आहे. तुमच्या यजमानांशी मी बोलून बघेन परत.”

मॅव्हिसनं मोजे घातले नाहीत. ती आत शिरली. काचेच्या आतून दालन वेगळंच दिसत होतं. तिनं पुतळ्याच्या हातातून रायफल सोडवली, भिंतीला टेकवली. डावा हात खांद्यातून जरा फिरवला, आणि कफ उलटवला.

काही नव्हतं. कापड सलग होतं.

ती गोंधळली. कदाचित उजवा असेल, इतक्या वर्षांत आपलंच चुकत असेल. उजवा उलटवला. तोही सलग. तिनं बाही वरपर्यंत चाचपली. मग गळ्याशी हात नेला. कॉलर ताठ होती, कुणाच्या मानेला कधी न घासलेली. पाठीवर घडीची रेघ तशीच्या तशी, आणि मागं मापात बसवायला टाचण्या लावलेल्या, कारण जॅकेट पुतळ्याला फार मोठं होतं. तिनं तोंड कापडात खुपसलं. आत बॅरीचा वास राहिला असेल अशी तिची कल्पना नव्हती, ती काही खुळी नव्हती. पण वास होता. डांबरगोळ्यांचा आणि नव्या कापडाचा. पंधरा वर्षं रेग कामावरून घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला जो यायचा तो. कोठाराचा.

मॅव्हिस पुतळ्याच्या पायथ्याशी बसली. तिला पहिल्यांदा वाटलं ते हे, की कुणी बदललं. मग वाटलं, कुणी बदललेलं नाही. हे पहिल्यापासून हेच आहे. इतकी वर्षं आपण एका नव्या कोऱ्या, कुणाच्याही नसलेल्या जॅकेटाची काच पुसत आलो. मेजरसाहेबांना माहीत होतं. खोटं नाव लिहायला त्यांचा हात धजावत नव्हता. तिला लाज वाटली, गावादेखत नागवं केल्यासारखी. आणि मग राग आला.

फिलिपा वर आली तेव्हा जॅकेट घडी करून टेबलावर ठेवलेलं होतं.

“घरी नेताय ना? मी बघते काय करायचं ते, कुणी विचारणार नाही.”

“लिलावात घाला,” मॅव्हिस म्हणाली. “चांगलं आहे. कुणी घातलेलंच नाही.”

तिकिटाच्या टेबलाशी डॉटनं रिकाम्या पिशवीकडं पाहिलं आणि तोंड उघडलं, पण मॅव्हिसच्या चेहऱ्याकडं बघून मिटलं.

रेग स्वयंपाकघरात होता. स्वतःच चहा करायला गेला असावा, आणि दमून टेबलाशी बसला असावा. किटली थंड होती. मॅव्हिसनं कोट काढला नाही.

“ते त्याचं नाही,” ती म्हणाली.

रेगनं तिच्याकडं पाहिलं. कसं कळलं, हे त्यानं विचारलं नाही. खांदे मात्र खाली आले, ओझं ठेवल्यासारखे.

“नाही,” तो म्हणाला.

“त्याचं कुठाय?”

“नव्हतंच, मॅव्ह. काही नव्हतंच.”

नळ ठिबकत होता. ती टेबलाची कड धरून उभी राहिली.

“तू रोज विचारायचीस,” रेग म्हणाला. त्याला एका दमात फार जमायचं नाही. “रोज. तोंडातून निघून गेलं, म्युझियमला दिलं म्हणून. मग द्यावं लागलं. कोठारातलं काढलं. मेजरसाहेबांच्या पाया पडलो मी त्या दिवशी. मला वाटलं, एकदा बघशील आणि सुटशील. तू तिथं नोकरीच धरलीस.”

“आणि तू बघत राहिलास.”

“हो.”

“इतकी वर्षं मी काच पुसत होते आणि तू बघत राहिलास.”

“पुसत होतीस तोवर उभी होतीस,” रेग म्हणाला. “मी काय सांगणार होतो तुला?”

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण समोर मारण्याइतका माणूस उरला नव्हता. ती खुर्ची ओढून बसली, आणि बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की अजून एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याला आताच कळायला हवी.

“पेटी,” ती म्हणाली. “म्हणून पळवलीस?”

रेगनं होकारार्थी मान हलवली. “वाळूच्या गोण्या घाला म्हटलं होतं मी. तिकडच्यांनी घातल्या दोनच. बराकीत उचलली तेव्हा पोरांची तोंडं पांढरी पडली. संथ चाललं की दिसतं गं. वजन असलं की खांदे खचतात, पाय रुततात. गावात सगळे जुने रायफलवाले, जन्मभर पेट्या वाहिलेले. बघताक्षणी ओळखलं असतं त्यांनी. बायकांना सांगितलं असतं. बायकांनी तुला.” तो थांबला, श्वास घेतला. “म्हणून म्हटलं, पळवा. तू मला माजोरी समजलीस. मला चालत होतं ते.”

बावीस वर्षं जपलेला राग असा हातातून काढून घेतल्यावर माणसाला मोकळं वाटायला हवं. तिला नुसतं पोकळ वाटलं. समोरच्या म्हाताऱ्याची तिला दया आली, आणि त्या दयेचाही राग आला. पेटीच्या लाकडावर रात्रभर ठेवलेला आपला हात तिला आठवला. खाली काय होतं, हे विचारल्यावाचून आता राहवणार नव्हतं.

“वाळूच होती नुसती?”

“नाही.”

“मग?”

“बूट होता. एक.”

“रिकामा?”

रेगनं डोळे मिटले. “नाही.”

मॅव्हिसनं टेबलावरचे पावाचे कण बोटानं एका जागी गोळा केले.

“कुठला?”

“डावा.”

“मोजा होता पायात?”

“होता,” रेग म्हणाला. “लोकरीचा. तू विणलेला, करडा.”

“बरं झालं,” मॅव्हिस म्हणाली. “तिकडं गारठा फार.”